सरकीचा खोकला आणि सुनेचा डोहाळा

मु. पो. वडनेर भोलजी, तालुका मलकापूर
पौष शुद्ध पंचमी, शके १८५५

श्रीयुत रंगराव पाटील, मोताळा, यांचे सेवेशी वडनेरहून उकंडरावाचा हात जोडून रामराम.

पत्राच्या तोंडी 'इकडील सर्व क्षेम' असे लिहायची रीत आहे. ते वाक्य या खेपेला मी लिहीत नाही, कारण गेला पंधरवडा इकडे क्षेम नव्हते आणि आपल्यासारख्या व्याह्याला पहिल्याच ओळीत थाप मारणे बरे दिसत नाही. आपली कंबर कशी आहे? विहीणबाईंचे गुडघे थंडीत फारच बोलत असतील. त्यांना निर्गुडीचा शेक द्यावा. चि. सौ. आशाची प्रकृती जपावी. आता आठवा लागेल, तेव्हा पाण्याचा हंडा कमरेवर घेऊ देऊ नये आणि ती ऐकत नसेल तर माझे नाव सांगावे. (इथे असताना ती माझेही ऐकत नसे, पण दुरून वडीलधाऱ्या माणसाचे वजन वाढते असा माझा अनुभव आहे.) मी पाठवलेली बोरे पोचली असतील. आंबट निघाली असल्यास डोहाळ्याला ती चांगलीच, आणि गोड निघाली असल्यास ती माझ्या झाडाची आहेत हे विहीणबाईंना आवर्जून सांगावे.

आता मुद्द्याचे. गेल्या आठवड्यात आपला गडी निवृत्ती गाडी घेऊन आमच्या दारी आला. सोबत झाकणाची टोपली होती, टोपलीत जुने मऊ लुगडे अंथरलेले होते आणि आपला निरोप होता, की आशाला सरकीचा डोहाळा लागला आहे, तरी मांजर धाडून द्यावी. निवृत्ती रिकामी टोपली घेऊन परत गेला. मुलीकडची मंडळी म्हणून आपण तोंडाने काही म्हणणार नाही, पण मनातून म्हणालाच असाल. पहिलटकरणीचा डोहाळा अपुरा ठेवणारे सासर कसले, असे विहीणबाई तर मोठ्यानेच म्हणाल्या असतील. म्हणून हा खुलासा. खुलासा लांबेल, तरी दिव्यात तेल घालून बसावे.

आधी हे कबूल केले पाहिजे, की सरकी आपल्याच घरची. दोन वर्षांमागे आशा लग्न होऊन आली तेव्हा वरातीच्या गाडीत तिच्या मांडीवर एक टोपली होती. आमच्या घराण्यात सुनांबरोबर भांडी आली आहेत, दुभती गाय आली आहे, माझ्या चुलत्याच्या लग्नात तर खुद्द त्याची सासूच आली होती आणि सात वर्षे राहिली. पण मांजर कोणी आणली नव्हती. टोपली उघडली, तर सरकीच्या रंगाचे, धड काळे नाही धड पांढरे नाही, अंगावर सरकीसारखीच बारीक लव असलेले एक पोर बाहेर आले. त्याने ओसरी पाहिली, मला पाहिले, आणि दोन्हींत फारसा अर्थ नाही असे ठरवून चुलीपाशी जाऊन झोपले. मी त्या दिवशी चि. नारायणाला म्हणालो होतो, की हे जनावर माझ्या गादीवर दिसता कामा नये. तेव्हापासून ती गादीवर आहे आणि मी खाली सतरंजीवर बसतो. सुनेने सातव्यात ओटी भरून घेतली आणि आपल्याबरोबर मोताळ्याला निघाली, तेव्हा गाडीत चढता चढता तिने मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "मामंजी, सरकीले सांभाळजा." मला सांभाळ असे ती सरकीला म्हणाली की नाही, ते मी ऐकले नाही.

नारायण अकोल्याला सरकी काढायच्या जिनात नोकरीला असतो, महिन्यातून एखाद्या रविवारी तोंड दाखवतो. घरी मी, सरकी, आणि दोन वेळचा स्वैपाक करून जाणारी शेजारची सोजराबाई. आणि बैठकीत कापूस. (भाव चढेल म्हणून मी दरसाल कापूस घरात भरून ठेवतो. भाव दरसाल चढत नाही, पण घर गरम राहते.) सरकीचा दिवस कापसाच्या ढिगावर जाई. चाटून चाटून ती आपले अंग इतके लख्ख ठेवते, की त्या ढिगावर मला आपलेच धोतर मळके वाटू लागे. पुढचा पाय चाटून ओला करायचा, तो कानामागून फिरवायचा, मग पाठ, मग शेपूट. एवढ्या निगुतीने अंघोळ करणारा माणूस मी अख्ख्या तालुक्यात पाहिला नाही. त्याच निगुतीने घात केला, हे मागाहून कळले.

आपल्याकडची चाल आपल्याला ठाऊकच आहे. थोर माणूस घरात शिरताना दारातच खाकरतो, म्हणजे आतल्या बायकांना पदर सावरायला सवड मिळते. तर एके दिवशी मी गोठ्यात असताना बैठकीतून कोणी खाकरले. खोलवरून, घोगरे, अगदी चारचौघांत मान असलेल्या माणसासारखे. सोजराबाईने कपाळापर्यंत पदर ओढला, तांब्याभर पाणी नेऊन पाठमोरी होऊन उंबऱ्याशी ठेवले आणि वाट पाहत उभी राहिली. पाहुणा पुन्हा खाकरला, पाणी काही घेईना. तिला वाटले, पाणी देण्यात काही चुकले म्हणून पाहुणा रुसला. तिने तांब्या पुन्हा घासला, पुन्हा भरला, सोबत गुळाचा खडा ठेवला. तरी पाहुणा हूं की चूं करीना. शेवटी बिचारी मागच्या दाराने धावत गोठ्यात आली. "पाटील, लय मोठं माणूस दिसते जी. पानी बी घेत नाही, बोलत बी नाही, नुसतं खाकरून राह्यलं!" मी शेणाचे हात धुतले, फेटा बांधला, कोट चढवला, मलकापूरहून कोणी अंमलदार आला असावा अशा धाकात जिभेवर चार नम्र वाक्ये जुळवीत बैठकीत आलो. गादीवर, लोडाला टेकून, मान लांब करून सरकी बसली होती. माझ्याकडे पाहून तिने आणखी एकदा खाकरले. खरे सांगतो, माझा हात नमस्कारासाठी अर्धा वर गेला होता.

हसण्याचा भाग तेवढाच. दुसऱ्या दिवशी तिने दूध टाकले. मान खाली घालून, पोट आत ओढून ती असा उमासा काढी, की आता आतडी बाहेर येतील असे वाटे, आणि बाहेर काहीच येत नसे. घरात मांजर मेली तर काशीला सोन्याची मांजर वाहावी लागते, ही भीती होतीच. पण ती भीती मागची. पुढची भीती अशी, की तिकडे गरवार पोरगी विचारील, सरकी कशी आहे? आणि तिला मी काय सांगू?

आपल्या वऱ्हाडात जनावर म्हणजे बैल. गाय म्हणजे दूध देणारा बैल, शेळी म्हणजे बुटका बैल. तेव्हा मी शालिग्रामला बोलावले. गावातल्या एकूण एक बैलांना औषध त्याच्याच हातचे. पोळ्याला बैल सजवून उभे केले, की शालिग्राम येताना पाहून ते ओळीने मान फिरवतात. त्याने सरकीचे कान चाचपून पाहिले (बैलाचे कान गार लागले की दुखणे समजते), वय कळावे म्हणून दात पाहायला गेला आणि बोट चोखत मागे आला. मग गंभीर होऊन त्याने मला विचारले, "उकंडभाऊ, रवंथ करते काय हे?" मी आठवून पाहिले. दोन वर्षांत सरकीला रवंथ करताना मी खरेच पाहिले नव्हते. तसे सांगितले. "मंग तेच दुखनं आहे. रवंथ बंद पडला का जनावर गेलंच समज." आणि रंगराव, आपण मला शहाणा समजता, पण सांगतो, त्या घटकेला मला ते पटले. जन्मभर बैलांत काढलेला माणूस घाबरला की त्याला समोर बैलच दिसतो.

पोटात कापूस गेला असावा, यावर मात्र सगळ्यांचे एकमत झाले. कापूस बाहेर काढायला घरचे उपाय सुरू झाले. जवस शिजवून त्याची बुळबुळीत पेज केली. सरकीने ती हुंगली आणि पुढच्या पंजाने भोवतालची जमीन अशी उकरली, की ही घाण कोणी केली, आता मलाच झाकावी लागणार. लाल भोपळा उकडून दिला. त्यावरही तिने माती लोटली, म्हणजे नसलेली माती लोटली, पण इतक्या मनापासून, की पाहणाऱ्याला माती दिसावी. सोजराबाईचे म्हणणे पडले, की दृष्ट लागली आहे; एवढी देखणी मांजर, त्यात उकंडराव येताजाता तिच्याकडे टक लावून बघतात. तिने मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. मिरच्या आमच्याच शेतातल्या. घरभर ठसका उठला. मी खोकलो, शालिग्राम खोकला, सोजराबाई डोळे पुशीत अंगणात पळाली, दारावरून जाणारे दोघे खोकू लागले. त्या घडीला वडनेरात न खोकणारी एकटी सरकी होती, कारण मिरच्या दिसताच ती बाहेर जाऊन तुळशीवृंदावनावर बसली होती. आधीच ताडणे, हे केवढे ज्ञान आहे! आपण माणसे ठसका लागल्यावर उठतो.

मग शालिग्रामने आपले शेवटचे हत्यार काढले. बैलाला औषध पाजायची वेळूची नळी आपण जाणताच; एक टोक बैलाच्या घशात, दुसऱ्यातून औषध ओतायचे. त्या नळीत अख्खी सरकी बसली असती. पण त्याच्याकडे लहान नळी नव्हती आणि माझ्याकडे धीर नव्हता. कोमट जवसाचे तेल भरले. (किती भरायचे यावर वाद झाला. शालिग्राम बैलाच्या मानाने निम्मे म्हणत होता, वासराच्या मानाने निम्मे असे मी त्याला खाली आणले.) मी गोणपाटात सरकीला धरले. शालिग्रामने 'धर, धर' म्हटले, मी धरले. 'सोड' कोणीच म्हटले नाही, पण पुढच्या क्षणी गोणपाट माझ्या हातात होते, नळी शालिग्रामच्या पायावर होती, आणि तेल तिघांत वाटले गेले होते. अर्धे माझ्या फेट्यावरून कानात, पाव शालिग्रामच्या बाहीत, उरलेले सरकीच्या पाठीवर. ती कापसाच्या ढिगाच्या शेंड्यावर जाऊन बसली. ओरखडा मला फक्त एक. ज्याने गोणपाटात कोंबले त्याला एकच ओरखडा काढून सोडायचे, याला मोठे मन लागते. मी तिच्या जागी असतो तर माझे नाक जागेवर राहिले नसते.

नेमका तेव्हाच निवृत्ती टोपली घेऊन दारात उभा राहिला. "पाटील, तेल काऊन चोपडून राह्यले अंगाले?" असे त्याने विचारले. मांजर दुखणाईत आहे, गाडीचे धक्के तिला सोसणार नाहीत, असे मी सांगितले, आणि ते त्या वेळी अक्षरशः खरे होते. तो तिकडे जाऊन काय काय बोलला असेल याची मला कल्पना आहे. मला तेलात निथळताना पाहिले म्हणाला असेल, तर ते खरे. मी मांजरीपुढे हात जोडून उभा होतो म्हणाला असेल, तर तेही खरेच; पण ते मागाहून.

आता खरी मौज ऐकावी. निवृत्तीची गाडी वेशीबाहेर पडली नसेल, तोच सरकीने आपले अंग चाटायला घेतले. अंगाला तेल लागलेले तिला खपेना. पाठ, कुशी, शेपूट, पोट, सगळे तेल तिने दिवस मावळेपर्यंत जिभेने टिपून टाकले. म्हणजे दोन बाप्ये, एक गोणपाट आणि बैलाची नळी मिळून जे औषध तिच्या पोटात घालू शकलो नाही, ते तिने निव्वळ स्वच्छतेपायी आपले आपण घेतले! मी थक्क होऊन पाहत बसलो. औषध पाजायचे नसते, अंगावर सांडायचे असते, ही विद्या मला साठाव्या वर्षी मिळाली. नारायणाच्या लहानपणी मिळाली असती तर एरंडेलाच्या पायी झालेली केवढी रडारड वाचली असती.

सकाळी ती वांग्यांच्या वाफ्याकडे निघाली. मी मागे मागे. (मी वांगी पाहायला जातच होतो.) बांधाला हरळी आहे, गणपतीला वाहतो तीच. सरकीने एकेक पाते हुंगून, हे नको, ते नको, असे करत, बाजारात विहीणबाई भाजी निवडतात तशी निवडून, पाच-सहा कोवळी पाती खाल्ली. मांजर गवत खाताना मी पहिल्यांदा पाहिली. क्षणभर शालिग्रामचेच खरे वाटले. मग ती शांतपणे घरी आली. मी पायात जोडा सरकवला आणि माझ्या अंगठ्याला काहीतरी गार, ओले लागले. जोड्यात सुपारीहून मोठा, लांबट, घट्ट वळलेला केसांचा गोळा होता.

रंगराव, मला इतका आनंद नारायण मॅट्रिक झाला तेव्हाही झाला नव्हता. मी तो गोळा पळसाच्या पानावर घेतला आणि एका पायात जोडा, एका पायात नाही, असा शालिग्रामच्या घरी गेलो. कापूस नव्हता तो. अंग चाटताना पोटात गेलेले केस होते, इतक्या दिवसांचे वळून वळून बसलेले. शालिग्रामने तो काडीने उलटापालटा करून पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला. "म्या म्हटलं नव्हतं? रवंथ आला तिचा!" मी वाद घातला नाही. माझ्या मांजरीला रवंथ आलेला असू दे, कावीळ गेलेली असू दे, दूध पिऊ लागली हे खरे. शेगावला नारळ बोललो होतो, तो पुढच्या गुरुवारी जाऊन वाहीन.

त्यानंतर मी तिचे पथ्य कडक ठेवले आहे. सकाळी पुढच्या उजव्या पायाला करंगळीच्या टोकाएवढे साजूक तूप चोपडायचे; ती नाराज होते, चाटते, झाले काम. वाटीत दिलेल्या तुपाला ती तोंड लावत नाही, कारण मागून मिळते ते खाण्यात तिला कमीपणा वाटतो. हरळीचा एक चौकोन मी कुंडीत लावून ओसरीवर ठेवला आहे. आणि अंग चाटण्याआधीच सुटे केस काढावेत म्हणून दररोज दुपारी मी तिला विंचरतो. विंचरायला घरात फणी शोधली, तर नारायणाच्या आईची, अन्नपूर्णेची, शिसवी फणी तिच्या पेटीत सापडली. ती गेल्याला अकरा वर्षे झाली; त्या फणीला मी हात लावला नव्हता. सरकी उताणी होऊन, डोळे मिटून, गळा वर करून पडते आणि मी विंचरत राहतो. सोजराबाई परवा म्हणालीच, "पाटील, तिची येनी बी घालून द्या आता." हे सगळे केवळ औषधापुरते आहे, हे आपल्यासारख्या समजदार माणसाला वेगळे सांगायला नको.

तरी राग नसावा. व्याह्यांचा लोभ रिकाम्या टोपलीने उणा होत नसतो, असे मी तरी धरून चाललो आहे. विहीणबाईंना रामराम, आशाला आशीर्वाद.

आपला,
उकंडराव

ता. क. — खुलासा लिहिला, पण विनंती राहिली. ती अशी. सरकी आता चांगली आहे हे वर आलेच आहे, तेव्हा आपण निवृत्तीला पुन्हा धाडाल. तर धाडू नये. वाटेत नदी आहे, रस्त्यात दगड आहेत, नवी हवा तिला मानवेल न मानवेल. शिवाय कुत्रे माणसाचे आणि मांजर घराचे, असे जुने लोक सांगून गेले. तिला घर लागते, माणूस कोणतेही चालते. बोरांचा डोहाळा ऐकला होता, चिंचांचा ऐकला होता, भाजलेल्या मातीचाही ऐकला होता. मांजरीचा डोहाळा मी तरी ऐकलेला नाही. तो दुसऱ्या कशावर वळवता येत असेल तर पाहावे. पेरू पाठवतो, हुरडा पाठवतो, नारायणाला रजा काढून पाठवतो. डोहाळा अपुरा राहिला तर पोराची लाळ गळते म्हणतात. गळू द्या. नारायणाची चार वर्षे मीच पुसली, याची आणखी चार वर्षे पुसीन. मांजर डोळे मिटून दूध पिते आणि तिला वाटते कोणी पाहत नाही. माझेही तसेच झाले आहे, हे मला कळते. आपल्यालाही कळले असेल. तरी मांजर माझ्याकडे असू द्यावी.

ता. क. दुसरा — वरचे लिहून पाकीट चिकटवणार, तोच आपला निवृत्ती पुन्हा दारात. या खेपेला टोपली त्याने गाडीतच ठेवली होती. म्हणाला, आशाताई मांजर मागत नाही आता. नुसते विचारते, सरकी जेवते का.

तेव्हा जे वर लिहायचे टाळले, ते लिहितो. केसांचा तो गोळा मी शालिग्रामकडून परत आणून आडावर धुतला. (का धुतला, विचारू नये.) धुतल्यावर तो सुटला. आत सरकीचे आखूड केस होते ते होतेच, पण त्यांना बांधून ठेवणारे केस लांब होते, हातभर लांब, काळेभोर. आमच्या घरात तसे केस एकीचेच. मग लक्षात आले. आशा विंचरून झाले की गुंतवळ वळून चुलीमागच्या कोनाड्यात ठेवी. सुया-बिब्बे विकणारी बाई आली, की गुंतवळ देऊन सुया घ्यायच्या म्हणून. ती मोताळ्याला गेल्यापासून सरकी रात्री त्याच कोनाड्यात झोपत होती. मी समजत होतो, चुलीची भिंत उबदार आहे म्हणून. जाऊन पाहिले तर कोनाडा चाटून साफ केलेला, गुंतवळीचा एक केस शिल्लक नाही. मांजर घराची असते म्हणणाऱ्या जुन्या लोकांनी मांजर पाळलेली नसावी. पोरीच्या वासासाठी तिने तिचे केस पोटात घालून घेतले आणि मी बैलाची नळी घेऊन तिच्या मागे लागलो होतो. एवढी माया असलेले जीव मी वेगवेगळ्या गावी ठेवू शकत नाही.

सरकी निवृत्तीच्या गाडीत आहे. टोपलीत तिच्या अंगाखाली माझा जुना फेटा घातला आहे. तेलाचा डाग गेलेला नाही, पण तो तिच्या ओळखीचा आहे. हरळीची कुंडी सोबत दिली आहे, पाणी रोज घालावे. तूप उजव्याच पायाला. फणी पुरचुंडीत बांधली आहे. ती मांजरीची समजू नये, अन्नपूर्णेची आहे. मी शिकेकाईने धुतली आहे आणि ती सुनेने वापरावी. आशाला सांगावे, की तिची गुंतवळ गेली, सुया मी घेऊन ठेवतो. आणि बाळंतपण निभले, की तिघांना एकाच गाडीत पाठवावे. एकालाही मागे ठेवू नये.

ता. क. तिसरा — टोपलीची दोरी मी स्वतः बांधली आहे. वाटेत ती सुटली आणि मांजर वडनेरकडे पळाली, तर त्यात माझा हात नाही हे आधीच लिहून ठेवतो. निवृत्ती गाठ पाहून हसला, म्हणून त्याने पुन्हा बांधली. बैल जुंपून झाले आहेत. आत्ता हे लिहिताना मी जरा खाकरलो, तर सोजराबाई चुलीपासून ओरडली, "काय झालं वं सरके?"